देव हलवला, देऊळ राहिलं

मार्च सरत आला की आमच्या इंदापूर तालुक्यात माणसं भेटल्याबरोबर पिकापाण्याच्या आधी एकच विचारतात, "उजनी किती?" उत्तर येतं, "मायनसमध्ये गेली." परगावचा पाहुणा बुचकळ्यात पडतो. समोर तर पाणीच पाणी आहे, चिलापीसाठी जाळी टाकून होड्या हिंडतायत, भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी चोची बुडवून उभे आहेत. मग शून्याच्या खाली गेलं काय? हिशेब साधा आहे. उजनी धरणात एकंदर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृत साठ्याचं, उरलेलं ५३.५७ वापरायचं. वापरायचं संपलं की धरण कागदावर शून्य होतं आणि त्याखाली जे उतरतं ते उणे मोजतात.

हा उण्याचा आकडा वाढू लागला की ऊसवाल्याच्या पोटात गोळा येतो. आमच्या आज्जीचं मात्र उलटं होतं. धरण मायनसमध्ये खोल गेलं की तिला माहेरचे वेध लागायचे. तिचं माहेर पाण्याखाली होतं.

जुनं पळसदेव हे भीमेच्या काठचं गाव. उजनीचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. पाणी मागे मागे चढत गेलं आणि पन्नासहून जास्त गावं घेऊन बसलं. पुणे-सोलापूर आगगाडीचा जुना मार्गही त्यात गेला. रूळ दुसरीकडे टाकावे लागले आणि डिकसळचा इंग्रजी अमदानीतला रेल्वेपूल पुढे गाड्याघोड्यांच्या रहदारीसाठी उरला. पळसदेवचं गावठाण उठून महामार्गाकडे आलं. घरं मोडली, चौकटी, तुळया बैलगाडीत घालून आणल्या, जातीसुद्धा आणली. एक गोष्ट तेवढी आणता आली नाही, ती म्हणजे पळसनाथाचं देऊळ. आज्जी म्हणायची, "देव हलिवला रं पोरा. देऊळ कसं हलवायचं?" नव्या गावात पळसनाथाचं नवं देऊळ झालं, पूजा सुरू राहिली. जुनं देऊळ जिथं होतं तिथंच पाण्यात उभं राहिलं. धरण फारच खाली गेलं की आधी शिखर वर येतं, मग मंडप, आणि एखाद्या कडक वर्षी सगळा परिसर कोरडा होतो.

हे देऊळ कुणी बांधलं याबद्दल आज्जीला शंका नव्हती. पांडव वनवासात फिरत फिरत भीमेकाठी आले. एका रात्रीत देऊळ उभं करायचं असा त्यांनी पण केला. भीमानं खांद्यावरून शिळा वाहिल्या, अर्जुनानं बाणाच्या टोकानं नक्षी काढली, आणि शेवटचं फूल कोरता कोरता पहाटेचा कोंबडा आरवला. हात थांबले. ते अर्धं फूल अजून एका खांबावर आहे, असं ती शपथेवर सांगायची. खांब कुठला, हे मात्र दर खेपेला बदलायचं.

तिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, हे ऐकलं की उसळायचे. आबा जुनी फायनल पास होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "पांडव कुठले आलेत? हेमाडपंती हाय ते. रामदेवरायाचा प्रधान हेमाडपंत, त्यानं बांधलं." मग बहीणभावांची जुंपायची. आज्जी म्हणायची, भीमा नदीकाठी भीमानं नाही बांधायचं तर कुणी बांधायचं? आबांकडे याला उत्तर नसायचं. आम्हा पोरांना दोघांचं खरं वाटायचं, कारण दोघांच्याही बोलण्यात देऊळ डोळ्यांसमोर उभं राहायचं.

खरं काय याचा माग त्या गावच्याच एका दगडावर लागतो. पळसदेवचा शिलालेख शके १०७९ चा, म्हणजे इसवी सन ११५७ चा. मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांची जी यादी अभ्यासक देतात तीत अक्षी, दिवेआगर यांच्या मागोमाग पळसदेवचं नाव येतं. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे हा लेख कोरला गेला तेव्हा हेमाडपंताच्या जन्माला अवकाश होता. देवगिरीचे यादव स्वतंत्र राजे व्हायचे होते. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता डळमळत होती आणि कलचुरी बिज्जल ती बळकावत होता. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये. पळसदेवच्या पाथरवटानं छिन्नी उचलली ती त्याआधी १३३ वर्षं. आज महामार्गावरून मोटारी सोलापूरकडे धडधडत जातात तिथून थोड्याच अंतरावर, ज्ञानदेवांच्या कितीतरी आधीच्या माणसांनी आपलं म्हणणं दगडात लिहून ठेवलं होतं. हे मला कळलं तेव्हा आबा हयात होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मग माझ्यापेक्षा तिचं बरं. ती निदान जुनं सांगत होती."

२०१३ च्या दुष्काळात उजनी फार खाली गेली, तेव्हा आबांना घेऊन मी देवळापर्यंत गेलो. काठापासून पुढे भेगाळलेला गाळ, त्यात पांढरे शिंपले, मध्येच एखाद्या घराचं जोतं. आबा जोत्यावरून जोत्यावर काठी टेकत चालले होते आणि घरांची नावं घेत होते. हे कुंभाराचं, हे गुरवाचं, ही चावडी, हा पार. समोर देऊळ उभं होतं.

पहिल्यांदा नजर जाते ती शिखरावर. देवळाचा खालचा भाग दगडी, शिखर मात्र विटांचं आणि चुन्याचं. या शिखराच्या घडणीला भूमिज म्हणतात. चारी बाजूंच्या मधोमध एकेक उभा पट्टा खालून थेट वर चढत जातो आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी मजल्यामजल्यानं रचलेल्या असतात. प्रत्येक छोटं शिखर एका छोट्या खांबावर बसवलेलं. वर जाताना ती बारीक होत जातात आणि सगळं देऊळ आपोआप उंच वाटू लागतं. शके ९८२ चं अंबरनाथ, सिन्नरचा गोंदेश्वर, ही याच घराण्यातली मोठी नावं. तिथं हे काम दगडात आहे, पळसदेवला ते विटेत उतरलंय. विटेला छिन्नी लागत नाही. आकार साच्यात, घासून आणि चुन्याच्या गिलाव्यात आणावा लागतो. दगडातली कल्पना मातीत उतरवणारा तो गवंडी पाथरवटापेक्षा तिळभरही कमी नव्हता. आणि त्याची वीट दरवर्षी पाण्यात बुडून, उन्हात वाळून अजून उभी आहे.

आत गेलं की खांब. त्या काळच्या आपल्या देवळांतला खांब तळाशी चौकोनी असतो, मध्ये अष्टकोनी होतो, वर गोल होत जातो आणि माथ्यावर तुळईचा भार झेलतो. एकाच शिळेला इतके आकार देताना एकाही ठिकाणी जोड वाटत नाही. त्या दिवशी खांबांवर पाण्याच्या उतरत्या पातळीच्या रेघा होत्या. एकीखाली एक. आबांनी त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दरसालची नोंद ठिवलीया बघ धरणानं."

मला देवळापेक्षा बोलकं वाटलं ते भोवती विखुरलेलं. पळसदेवच्या परिसरात वीरगळ आणि सतीशिळा आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा दगड, आणि तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, कधी मेलेला वीर आडवा, कधी बाजूला गाई. गाई दिसल्या की समजायचं, गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना गेलेला आहे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन वर निघालेल्या. त्याच्या वर तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे नाव राहील. नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नसतं. राजेरजवाड्यांची नावं ताम्रपटात गेली, गावाची गुरं राखताना मेलेल्या माणसाच्या वाट्याला निनावी दगड आला. पण दगड आला. आठशे वर्षांपूर्वीच्या गावानं आपल्यासाठी मेलेल्या माणसाला एवढं दिलं.

हा मुलूख कायम वाटेवरचा आणि म्हणून कायम लढाईचा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले पडले ते याच तालुक्यात, इंदापूरला. आबा वीरगळांपुढे उभे राहिले की मालोजीराजांची गोष्ट हमखास निघायची, जणू शतकांचं अंतर मध्ये नव्हतंच. इतिहासकाराला ते खपणार नाही. पण आबांना सांगायचं होतं ते एवढंच की इथल्या मातीत पडण्याची रीत जुनी आहे.

सतीशिळेवर कोपरात दुमडलेला हात असतो, मनगटाला बांगड्या, तळवा उभा. जुन्या पळसदेवला आज्जी लहान असताना बायका त्या हाताला हळदीकुंकू वाहायच्या. का, हे त्यांनाही नेमकं ठाऊक नव्हतं. आज्जीला तिच्या आईनं सांगितलं होतं ते इतकंच, "हाताच्या दगुडाला पाय लावायचा न्हाई, जाग्यावरनं हलवायचा न्हाई. हलिवला तर गावावर येतंय." गाव उठल्याची सांगड आज्जी याच्याशीच घालायची. कुणीतरी हाताचा दगड हलवला असणार, म्हणून तर पाणी आलं. मी तिला धरणाचं, कालव्याचं, सोलापूरच्या दुष्काळाचं सांगू बघायचो. ती ऐकायची आणि मान हलवायची, पटलं म्हणून नव्हे, पोरगं शिकलंय म्हणून.

आज विचार केला की तिच्या त्या भीतीचं मोल कळतं. आठ शतकं हे दगड जागेवर राहिले ते कुठल्या कायद्यानं नव्हे. राखणदार नव्हता, कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. "हलिवला तर गावावर येतंय" हे एक वाक्य होतं आणि ते आईकडून लेकीकडे जात होतं. गुरव सांजेला दिवा लावायला जायचा, पोरं ओवऱ्यांत लपंडाव खेळायची, आषाढीला जाणाऱ्या वाटसरूंचा मुक्काम पडायचा. कोणी अनोळखी माणूस दगडाशी झटू लागला असता तर चार म्हातारे पारावरून उठले असते. गाव उठलं तेव्हा देवळाची ही राखण उठली.

याची दुसरी बाजू पाहायची तर नीरा नरसिंहपूरला जावं. उजनीच्या भिंतीखाली भीमा वाहत जाते आणि इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला तिला नीरा मिळते. त्या संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ आहे. भिंतीच्या वरचं देऊळ पाण्यात गेलं, भिंतीच्या खालचं राहिलं. फरक काही कोसांचा. मूर्ती वाळूची आहे आणि प्रल्हादानं ती स्वतःच्या हातानं केली, ही तिथली कथा. आज्जी सांगायची, वाळूची मूर्ती नदीकाठी टिकते, कारण ती लेकरानं केलेली आहे. आज जे मोठं देऊळ दिसतं ते पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी अठराव्या शतकात उभारलेलं. कुळाचा देव म्हणून लांबलांबची घराणी तिथं येतात, नवरात्र होतं, घाटावर श्राद्धं होतात. दगड झिजतो, पण माणसांच्या पायांनी. देवळाला हे मानवतं.

बारामतीकडे आलं की वेगळाच अनुभव येतो. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा, त्यांच्या आश्रयाला राहिलेले मोरोपंत, हे सगळं अठराव्या शतकातलं. मोरोपंत १७९४ मध्ये बारामतीतच वारले. गावातलं सिद्धेश्वर, काशीविश्वेश्वर ही जुनी देवस्थानं. तालुक्यात करंज्याचा सोमेश्वर, ज्याची श्रावणात यात्रा भरते. सौराष्ट्रातल्या सोमनाथाला दर्शनाला जाणाऱ्या गवळणीच्या मागोमाग देव इथपर्यंत आला, अशी त्याची गोष्ट. माझी बारामतीची आत्या ती अशी सांगायची की गवळणीच्या डोक्यावरच्या हंड्यातलं दूध आपल्याला हिंदकळताना दिसावं. त्या भागाला नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारासच मिळाला. पाणी आलं ते शेतात, देवळात नव्हे. माणसं जागेवर राहिली, हातात पैसा खेळू लागला, देवळांचे जीर्णोद्धार निघाले.

आणि इथं एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपल्या भागातल्या कित्येक जुन्या देवळांत मी खांबांवर झगझगीत ऑइलपेंट पाहिलाय. कोरीव द्वारपट्टीवर गुळगुळीत फरशी चिकटवलेली पाहिलीय. सभामंडपाला सिमेंटचा थर दिलेला, आणि जुना नंदी झिजला म्हणून त्याच्या जागी संगमरवरी नंदी आणलेला पाहिलाय. वाईट हेतूनं कुणीच करत नाही. देवाला चांगलं ते द्यावं म्हणून वर्गणी काढून करतात. पण ऑइलपेंटनं दगडाची भोकं बुजतात, आतली ओल बाहेर पडत नाही आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याच्या बांधकामाला सिमेंटचं वावडं आहे, कारण सिमेंट कडक असतं आणि शेजारच्या मऊ विटेला, दगडाला फोडतं. पाण्याखाली गेलेलं पळसनाथाचं देऊळ निदान या भक्तीतून सुटलं.

म्हणून पाणी देवळाला सांभाळतं असं मात्र कुणी समजू नये. सतत पाण्यात बुडालेला दगड एक वेळ बरा. घातक असतं ते भिजणं आणि वाळणं, भिजणं आणि वाळणं. दर उन्हाळ्यात पाणी उतरतं, वीट वाळते, आतले क्षार वर येऊन फुगतात आणि विटेचा पापुद्रा उडतो. चुना पाण्यात हळूहळू विरतो. त्यात भरल्या धरणावर वारा सुटला की लाटा नेमक्या पाणपातळीच्या रेषेवर आपटत राहतात. शिखराला हे सगळं सोसावं लागतं.

आणि आता माणसांची भर. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. देऊळ पुरतं उघडं पडलं, मोबाइलवर फोटो फिरले आणि लोटच्या लोट आले. एका अर्थी बरं वाटलं. आज्जीच्या माहेराला इतके पाहुणे तिच्या हयातीत कधी आले नव्हते. पण पोरं फोटोसाठी शिखरावर चढत होती. वीरगळावर बूट ठेवून कोणी पोज देत होतं. विटेचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणारा एक जण भेटला, चांगला सुशिक्षित. त्याला मी आज्जीचं वाक्य ऐकवलं, "हलिवला तर गावावर येतंय." तो हसला. पण तुकडा परत ठेवला, हे खरं.

देऊळ ढासळतं ते फक्त पाण्यानं किंवा काळानं नव्हे. ते आपलं आहे असं मानणारी, त्याची गोष्ट सांगणारी, त्याच्यासाठी कुणाशी तरी भांडणारी माणसं पांगली की ते ढासळू लागतं. आज्जी आणि आबा कर्त्याबद्दल दोघेही चुकत होते. तरी त्यांच्या भांडणात देवळाची राखण होती. आजच्या आमच्या पिढीजवळ शके १०७९ हा अचूक आकडा आहे, पण भांडायला कुणी नाही.

उजनी पुन्हा मायनसमध्ये जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. देऊळ उघडं असेल त्या दिवसांत प्रत्येक वीरगळाचं, सतीशिळेचं, खांबाचं छायाचित्र घेऊन, मोजमाप करून, जागा नोंदवून ठेवावी. तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे मनावर घेतलं तर एका उन्हाळ्यात होण्यासारखं काम आहे. विटांच्या शिखराची पाहणी जाणकारांकडून व्हावी आणि दुरुस्ती करायचीच तर ती चुन्यात व्हावी. पाणी उतरलेल्या काळात तिथं राखणदार असावा, आणि तो शक्यतो जुन्या पळसदेवच्याच घरातला असावा.

आणि तुम्ही बघायला निघालात तर थेट पाण्याकडे गाडी घालू नका. आधी नव्या गावठाणात थांबा. जुन्या देवळात जिनं लहानपणी दिवा लावलाय, जो त्या ओवऱ्यांत खेळलाय, अशी माणसं आता उतारवयात आहेत. त्यांच्याजवळ घटकाभर बसा, विचारा, सांगतील ते लिहून घ्या, पांडवांचं सांगितलं तरी लिहून घ्या. मग देवळात जा, पायातलं काढून जा, आणि येताना तिथला एक खडाही आणू नका.